सुजा, तू नाव घेतलं नाहीस

सुजा, परवा शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. पालकांच्या वतीने मी बोलायचं असं ठरलं होतं. माझं नाव पुकारलं, मी उठले, माइकपर्यंत गेले आणि "सुजाता परब, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका," एवढं म्हणून परत येऊन बसले. लोकांना वाटलं, लहानपणापासूनची मैत्रीण, कंठ दाटून आला असेल. तसं काही नव्हतं. समोर पहिल्या रांगेत आपल्या वॉर्डाचे साहेब बसले होते, त्यांच्या माणसाने मोबाइल वर धरला होता, आणि मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी भांडण होतं. ते अर्धं राहिलंय. असलं भांडण माइकवरून करता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

आपण भांडतच मोठ्या झालो. कुरारच्या त्या चाळीत तुझी खोली आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत होती, आणि तुझी आई म्हणायची, ह्यो दोघी झोपेतसुद्धा भिंतीतून भांडतत. दोघींचे वडील मालवणकडचे, दोघांच्याही गिरण्या बंद पडलेल्या, दोन्ही घरांत मुलींनी शिकून नोकरी धरायची हे ठरलेलं. तू शिक्षिका झालीस, मी सहकारी बँकेत लागले. लग्नं झाली, चाळीच्या जागी बिल्डिंगी आल्या, भांडणं चालूच. गणपतीला गावी कोणत्या गाडीने जायचं इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत. त्यात कधी कोणी जिंकलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन करायला कोणी चुकलं नाही. आपण जिथे शिकलो त्याच शाळेची तू मुख्याध्यापिका झालीस, तेव्हा आमच्या घरी तन्वीला गोरेगावच्या इंग्रजी शाळेत घालायचं जवळपास नक्की झालं होतं. मी नवऱ्याला सांगितलं, "सुजा आहे तिथे. पोरगी तिथेच जाईल." हे तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर बसली असतीस.

मग तो दिवस आला.

मी बँकेत काउंटरला होते. तन्वीच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईचा फोन. "शाळेत गोळी चालली म्हणतायत. नववीच्या वर्गात." मी पर्स घेतली की नाही तेही आठवत नाही. रिक्षा कुरारच्या नाक्यावर अडकली, तिथून पळत सुटले. गेटवर ही गर्दी. आत कोणाला सोडत नव्हते. बायका रडत होत्या, एक बाप गेटवर चढायला बघत होता. जो येईल तो वेगळंच सांगत होता. कोणी म्हणे दोन मुलं गेली, कोणी म्हणे बाहेरचा माणूस घुसला. मी फक्त इमारतीच्या दाराकडे बघत उभी होते. मग वर्गावर्गाच्या रांगा बाहेर यायला लागल्या, आणि नववीच्या रांगेत तन्वी दिसली. तिच्या केसांत गिलाव्याची पांढरी भुकटी होती. मी तिला धरलं, सगळीकडून चाचपून पाहिलं. ती एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, घाबरली आहे.

कोणालाही काही झालेलं नव्हतं. हे आता शांतपणे लिहिता येतं. तेव्हा ते कळायला फार वेळ लागला.

आत काय झालं ते नंतर तुकड्यातुकड्यांनी समजलं. तन्वीच्या वर्गातल्या एका मुलाने दप्तरातून कट्टा आणला होता. कट्टा हा शब्द आपण बातम्यांतच ऐकलेला. घरगुती बनावटीचं पिस्तूल, चुलत्याने माळ्यावर लपवून ठेवलेलं. मधली सुट्टी संपताना पोरं त्याच्या बाकाभोवती जमली, कोणीतरी "दाखव, दाखव" केलं आणि तो उडाला. गोळी फळ्याच्या वर भिंतीत घुसली. सगळे खाली पळाले, शिक्षकसुद्धा. तो एकटा शेवटच्या बाकावर राहिला, हातात ती वस्तू, नळी कुठे वळली आहे याचं भान नाही. सगळी शाळा जिना उतरत होती आणि तू चढत होतीस.

शिपाई तुझ्या मागे जिन्यात होता, त्याने सांगितलं. तू दारात थांबलीस आणि विचारलंस, "मी आत येऊ का?" त्या पोराला इतक्या वर्षांत कोणत्याही मोठ्या माणसाने हे विचारलं नसेल. त्याने वर पाहिलं. तू गेलीस, त्याच्या शेजारच्या बाकावर बसलीस आणि म्हणालीस, "हात दुखत असेल. ठेव खाली." त्याने ठेवला. तू कट्टा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकवलास आणि मधे बसलीस. पोलीस येईपर्यंत त्याचं डोकं तुझ्या खांद्यावर होतं.

मी तुला नंतर विचारलं, "भीती नाही वाटली?"

"पाय लटपटत होते गो. म्हणून तर बसले."

समोरच्या बिल्डिंगीतून कोणीतरी तो फोटो काढला. खिडकीच्या गजांमागे तू, तुझ्या खांद्यावर ते पोर. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या मालाडच्या मोबाइलवर होता. निवडणुका तोंडावर होत्या. आपल्या वॉर्डाचे माजी नगरसेवक, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच गेटवर उभे राहिले. आमची मुलं, आमची जबाबदारी, असा फ्लेक्स लागला. मुलांपेक्षा साहेबांचा चेहरा मोठा. शाळेच्या दारात बंदूकधारी गार्ड द्यायचा, एजन्सी ते स्वतः बघतील, असं त्यांनी जाहीर केलं. विरोधी पक्षाच्या ताई तरी मागे कशा राहतील? त्यांनी तो फोटो मोठा करून आणला. त्यांचं म्हणणं, मुख्याध्यापिका गुन्हेगाराला कुरवाळत बसली, आधी तिला निलंबित करा. एकाला तू शूर हवी होतीस, दुसरीला बेजबाबदार. तुझं म्हणणं काय आहे ते दोघांपैकी कोणी विचारलं नाही.

मला विचारलं. पालक संघाची अध्यक्ष म्हणून चॅनलवाल्यांनी माइक तोंडासमोर धरला आणि मी म्हणाले, "आम्हाला गेटवर गार्ड पाहिजे. आमची पोरं घरी जिवंत यायला पाहिजेत." खाली पट्टी आली, मुख्याध्यापिकेवर पालकांचा संताप. मी तसलं काही बोलले नव्हते. तुला फोन करायची हिंमत होईना. तूच केलास.

"मिनू, टीव्हीवर तू काळपट दिसतेस गो. बँकेत फॅनखाली बसून काय उपयोग झाला?"

मी हसले आणि रडले. मग लगेच तू म्हणालीस, "रविवारी ये जेवायला. भांडायचं आहे."

त्या रविवारी तू ओट्याशी कोळंबी सोलत होतीस. तुझा नवरा, प्रकाशभावोजी, आपला आवाज चढला तसे पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. मी म्हटलं, "आमच्या बँकेच्या दारात बंदूकवाला असतो. पैशाला राखण, आणि पोरांना नाही?"

तू वर न बघता म्हणालीस, "पैसे घाबरत नाहीत, मिनू."

"पोरं आता नाही घाबरलेली? तन्वी झोपेत दचकते."

"माहीत आहे मला."

"मग? माझा भाऊ न्यू जर्सीत आहे. त्याची लेक बालवाडीत आहे, तिला शिकवलंय, दिवे बंद करायचे, कोपऱ्यात बसायचं, शिंकसुद्धा द्यायची नाही. तो मला फोनवर सांगतो, तुमच्याकडे हे सुरू व्हायच्या आत काहीतरी करा. तिथे गेली कित्येक वर्षं नुसता वादच चाललाय. एक म्हणतो बंदुका काढून घ्या, दुसरा म्हणतो मास्तरांच्या हातात द्या. पोरं मरतच आहेत."

"तिथे शाळांच्या दारात बंदुका नाहीत?"

"आहेत काही ठिकाणी."

"मग?"

"मग काय मग? म्हणून दार उघडं टाकायचं?"

तू कोळंबी धुतलीस, हात पुसलेस. "दारातून कोण आलं होतं आपल्याकडे? आपलाच पोरगा आला. गणवेश घालून, गळ्यात ओळखपत्र घालून. गार्डने त्याला सलाम ठोकला असता."

"दप्तर तपासलं असतं."

"इतक्या पोरांची दप्तरं? रोज? बरं, तपासली. मग तो कट्टा कुठे गेला असता? आरेच्या वळणावर, जिथे ती मोठी पोरं त्याला रोज अडवत होती. तिथे कोण उभं करणार आहेत तुझे साहेब?"

हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. शाळा सुटल्यावर काही मोठी पोरं त्याला अडवायची, मारायची, मोबाइल काढून घेतला होता. त्याने वर्गशिक्षकांना सांगितलं होतं, त्यांनी बाहेरची भांडणं बाहेर ठेवा म्हणून परत पाठवलं. कट्टा त्याने त्या पोरांना दाखवायला घेतला होता.

"म्हणजे त्याची चूक नाही?" मी म्हणाले.

"चूक आहे. त्याला शिक्षा होईल, आणि झालीच पाहिजे. पण तू मला असं सांग, ते पोर इतके दिवस जळत होतं आणि एकाही मोठ्या माणसाने त्या धुराकडे वळून पाहिलं नाही. ह्याच्यावर गार्ड काय करणार?"

"सुजा, ती गोळी फळ्याच्या वर लागली. तन्वी दुसऱ्या बाकावर बसते. हात थोडा खाली असता तर आज मी तुझ्या ओट्याशी उभी नसते. तुला पोर नाही, तुला..."

मी थांबले. कुकरची शिट्टी झाली. "माका शिकवू नको," तू हळू आवाजात म्हणालीस. चिडलीस की तू मालवणीत जायचीस. "माझी साडेआठशे पोरां हत थय शाळेत. रोज सकाळी मोजतंय." मग ताटं घेतलीस. आपण जेवलो. कोळंबीत मीठ जास्त होतं, आणि दोघींपैकी कोणी ते बोललं नाही.

मग पालकसभा. इतका भरलेला हॉल मी आपल्या शाळेत कधी पाहिला नव्हता. लोक खिडक्यांत उभे, तन्वी माझ्या शेजारी. संस्थेचे ट्रस्टी व्यासपीठावर, साहेब एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला, मधे तू. साहेबांनी गार्डचं सांगितलं, टाळ्या. ताईंनी तुझ्या निलंबनाचं सांगितलं, थोड्या कमी टाळ्या. मग तू उभी राहिलीस. एवढंच म्हणालीस, "त्या मुलाकडे कट्टा आहे हे शाळेत आधी माहीत होतं. मुलांना माहीत होतं. त्यातल्या एकालाही मोठ्या माणसाला सांगावंसं वाटलं नाही. घरी नाही, शाळेत नाही. गेटवर बंदूक ठेवली की ती मुलं बोलायला लागतील असं कोणाला वाटतं का?"

हॉलमध्ये गलका झाला. मी उभी राहिले. माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

"कोणाला माहीत होतं? हवेत बोलू नका, बाई. नाव सांगा."

सभेत मी तुला बाई म्हणायचे. तू माझ्याकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मागून बाकीचे ओरडायला लागले, "नाव सांगा, नाव सांगा." ताई माइक घेऊन म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही पोलिसांपासून लपवताय?"

"पोलिसांना जे सांगायचं ते त्या मुलांनी सांगायचं. मी त्यांच्या बाजूला उभी राहीन. इथे हॉलमध्ये मी कोणत्याही मुलाचं नाव घेणार नाही."

"असेल तर घ्याल ना," कोणीतरी मागून म्हणालं, आणि लोक हसले.

तू खाली बसलीस. मला वाटलं, तुझ्याकडे नाव नाहीच. वादात अडकलीस की तू असंच काहीतरी मोठं वाक्य टाकायचीस, लहानपणापासून. गार्ड कोणाला हवा, त्यांनी हात वर करा, असं ट्रस्टींनी सांगितलं. जवळपास सगळ्या हॉलचे हात वर गेले. माझाही हात होता. तुझं निलंबन तेवढं टळलं, कारण साहेबांना त्यांच्या फ्लेक्ससाठी शूर बाई हवी होती. त्या मुलाला शाळेने दाखला देऊन काढून टाकलं.

गार्ड आला. दुनळी बंदूक, खाकी कपडे, छातीवर एजन्सीचा बिल्ला, डोक्याच्या वर साहेबांच्या सौजन्याचा बोर्ड. खरं सांगू? पहिल्या दिवशी तन्वीला सोडताना मला बरं वाटलं. हे मी आजही नाकारणार नाही. ज्या बाईने गेटबाहेर उभं राहून रांगेत आपलं पोर शोधलंय, तिला कोणी हसू नये.

मग एजन्सीने मॉक ड्रिल ठेवलं. शिट्टी वाजली की वर्गाचं दार लावायचं आणि बाकांखाली बसायचं. तुला ते पटत नव्हतं, पण ट्रस्टींचा आदेश होता, आणि आदेश आला की तू तो नीट पाळायचीस. तू पहिलीच्या वर्गात गेलीस आणि पोरांबरोबर टेबलाखाली बसलीस. मी पालक संघातर्फे बघायला आले होते, दाराच्या काचेतून दिसत होतं. तुझ्या साडीला चारी बाजूंनी पोरं चिकटली होती. एकाने चड्डी ओली केली. ड्रिल संपल्यावर बाहेर आलीस ती थेट माझ्याकडे. तूच बोललीस.

"एक पोरगी कानात विचारत होती, बाई, बंदूकवाले काका आपल्याला मारायला येतायत ना?"

"मग तू काय सांगितलंस?"

"काका आपले आहेत म्हटलं. तर म्हणते, मग आपण लपलोय कशाला?"

मी म्हणाले, "सवय होईल त्यांना."

"तीच भीती आहे मला," तू म्हणालीस आणि ऑफिसात गेलीस.

यानंतर आपले फोन थोडे कमी झाले. बंद झाले नाहीत. तू रविवारी सकाळी त्या मुलाच्या घरी जातेस, तो सुधारगृहातून जामिनावर आलाय, त्याला बाहेरून दहावीला बसवायचं म्हणून शिकवतेस, हे मला दुसरीकडून कळलं. मी तुला म्हटलं, "लोक बोलतायत." तू म्हणालीस, "बोलू देत. गणित कच्चं आहे त्याचं." बस. विषय संपला.

पावसाळा सरत आला आणि तुला ताप आला. डेंग्यू. आपल्या भागात घरटी एक होताच, कोणी घाबरलं नाही. मीही नाही. दुपारी भेटायच्या वेळेत हॉस्पिटलात आले तेव्हा तू उशीला टेकून बसली होतीस, हाताला सलाइन, ओठ सुकलेले. भावोजी खाली औषधं आणायला गेले होते. तू आधी त्या गार्डचं विचारलंस. "त्याला उन्हापावसात उभं करता तुम्ही. छप्पर तरी घाला वर." मग म्हणालीस, "मी बरी झाले की परत विषय मांडणार सभेत."

"मांड," मी म्हटलं. "परत हरशील."

तू हसलीस, हसताना खोकला आला, मी पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर विचारलंस, "तन्वी बोलते का तुझ्याशी?"

"बोलते की. अभ्यासाचं, मैत्रिणींचं."

"बोलू दे तिला," तू म्हणालीस. मला वाटलं, तापात बोलतेस. वेळ संपली म्हणून नर्सने मला बाहेर काढलं. जाताना मी वळून पाहिलंसुद्धा नाही, सुजा. उद्या यायचंच होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटलेट्स कोसळल्या, आतून रक्त जायला लागलं, आणि दुपारी तू नव्हतीस. गोळी सुटलेल्या खोलीत तू जिना चढून गेलीस आणि तुझ्या अंगावर ओरखडा आला नाही. तू गेलीस एका डासाने. यावर कोण सभा घेणार, कोणाचा हात वर करून घेणार? स्मशानात भावोजी सारखं एकच म्हणत होते, "कालपर्यंत ठीक होती हो." माझ्याकडे त्यांना द्यायला एक शब्द नव्हता. तुझ्याशी भांडण्यात मी सगळे शब्द वापरले होते.

तर शोकसभा. मी माइकवरून परत आले आणि पाहते तर तन्वीची खुर्ची रिकामी. साहेब बोलायला उठले होते, तुला वाघीण म्हणत होते. मी मागच्या दाराने बाहेर आले. गेटच्या बाहेर तो मुलगा आणि त्याची आई उभी होती. आईच्या हातात मोगऱ्याची पुडी. तन्वी गेटच्या आत, तो बाहेर. गार्ड अवघडून उभा होता. मला बघून म्हणाला, "मॅडम, याला आत सोडायचं नाही असं कमिटीने सांगितलंय. तुम्हीच होतात ना त्यात."

मी होते. मी म्हटलं, "असू दे. येऊ दे आत."

त्याची आईच नको म्हणाली. "आत कॅमेरे आहेत, ताई. याचा फोटो निघेल. तुम्ही एवढी फुलं बाईंच्या फोटोला घाला." तिने पुडी तन्वीच्या हातात दिली. ते पोर खाली बघत होतं. मी त्याला पहिल्यांदाच जवळून पाहत होते. मिसरूडसुद्धा नीट फुटलेलं नाही. इतके महिने त्याच्याबद्दल बोलत होते, आणि तो तन्वीपेक्षा बुटका आहे हे मला माहीत नव्हतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. तू कोणाला लिहू देत नव्हतीस.

सभा संपल्यावर आम्ही चालत घरी निघालो. बिल्डिंगीच्या पायऱ्यांशी आल्यावर तन्वी थांबली.

"मम्मी, त्या मीटिंगला बाईंनी ज्याचं नाव सांगितलं नाही ना, ती मी."

मला आधी कळलंच नाही.

"आदल्या दिवशी क्लासवरून येताना त्याने मला सांगितलं. म्हणाला, फक्त घाबरवणार त्या पोरांना. शाळेत दप्तर उघडून दाखवला पण. मी म्हटलं, ठेव आत. बस, एवढंच म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू ओरडली असतीस. त्याच्या घरी गेली असतीस. ग्रुपवर टाकलं असतंस. मग सगळ्यांना कळलं असतं की मी सांगितलं."

"आणि बाईंना?"

"त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, पोलीस गेल्यावर. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पोलिसांनी विचारलं तर खरं सांग, मी बाजूला उभी राहते. मम्मीला तू सांग. मी सांगणार नाही, ते तुझं आहे." मग तिचा आवाज फुटला. "मीटिंगला तू उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी नाही सांगितलं."

मी त्या पायऱ्यांवरच बसले.

सुजा, एक शब्द. त्या दिवशी भरल्या हॉलमध्ये तू एक शब्द बोलली असतीस तर जिंकली असतीस. अध्यक्षबाईंचीच पोरगी. माझं तोंड बंद झालं असतं, गार्ड आला नसता, साहेबांचा बोर्ड लागला नसता. लोक तुला हसले, खोटी ठरवलं. तू तन्वीला वाचवलंस आणि मला वाचवलंस, आणि वर रविवारी फोन करून विचारलंस की गावाहून कोकम आलंय, पाठवू का.

मला काय वाटतं ते कोणत्या शब्दांत सांगू? उपकार म्हटलं तर तू शिव्या देशील. पण रागही आहे, तो लपवणार नाही. निदान मला एकटीला सांगायचं होतंस. ओट्याशी, कोळंबी सोलताना. मी तिची आई आहे. आणि अजून एक. मी ओरडले असते, त्याच्या दारात गेले असते, ग्रुपवर टाकलं असतं, सगळं केलं असतं, आणि तो कट्टा शाळेत आलाच नसता. हे खोटं आहे का? सांग ना. यावर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. "म्हणून तर तिने सांगितलं नाही गो." आणि मग आपण परत पहिल्यापासून सुरू केलं असतं. ते सुरू करायला आता समोर कोणी नाही, हेच मला सगळ्यात जास्त दुखतं.

गेटवर माणूस हवा, हे माझं मत अजून आहे. बंदुकीचं मला आता नक्की सांगता येत नाही. पुढच्या सभेत मी तुझा विषय मांडणार आहे, की मुलांनी जाऊन सांगावं असं एक माणूस शाळेत हवं, ज्याच्या हातात छडीही नाही आणि माइकही नाही. साहेबांना त्यात फ्लेक्स दिसणार नाही. बहुतेक मी हरेन.

काल संध्याकाळी मी पोळ्या करत होते. तन्वी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "एक सांगायचं आहे. ओरडणार नसशील तर." मी गॅस बंद केला आणि खाली बसले. तीही बसली. तिने सांगितलं. ऐकताना दोनदा माझ्या तोंडात शब्द आले, दोनदा मी ते गिळले. शेवटी तिनेच विचारलं, "आता काय करायचं?" आणि आम्ही दोघींनी मिळून ठरवलं.

काय होतं, कोणाबद्दल होतं, ते इथे लिहीत नाही. तुलाही सांगणार नाही, सुजा. ते तिचं आहे.